कुलाब्याची सुई

विज्ञान आणि तंत्रज्ञानातल्या नव्या घडामोडींवर बोला, असा निरोप आला तेव्हा मी थोडा संकोचलो. मी मराठी घेऊन बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. गणिताशी माझे कधी जमले नाही. पण आमच्या रायगडच्या किनाऱ्यावर, अलिबागला, एक जुनी वेधशाळा आहे. तिची गोष्ट सांगता सांगता आजच्या कृत्रिम बुद्धिमत्तेपर्यंत पोचता येईल असे वाटले, म्हणून होकार दिला.

सुरुवात मात्र माझ्या आजोबांपासून करतो. ते गलबतावर तांडेल होते. मंगळूरकडून कौले भरून मुंबईला आणायची, हा त्यांचा धंदा. मला कळू लागले तेव्हा त्यांचे समुद्रावर जाणे थांबले होते. पण गलबतावरचा होका त्यांनी घरी आणून ठेवला होता. होका म्हणजे होकायंत्र. लाकडी पेटी, वर काच, आत हलणारी सुई. घरात कोणी पाहुणा नमाजासाठी किब्ल्याची दिशा विचारू लागला, की आजोबा ती पेटी काढत. एकदा खेळता खेळता मी हातातली कोयती त्या पेटीला लावून ठेवली आणि सुई गर्रकन फिरली. मला मौज वाटली. आजोबांना वाटली नाही. ते ओरडले, "लोखंड लांब ठेव! असल्या कोयतीपायी गलबत खडकावर जातं."

पुढे अलिबागला कॉलेजात असताना समजले, की समुद्राकडे जाताना जी वेधशाळा लागते तिथेही हाच कायदा आहे. लोखंड लांब ठेवा. या वेधशाळेचे काम एकच. पृथ्वी हे एक मोठे चुंबक आहे आणि त्याचे बल क्षणोक्षणी थोडे थोडे बदलते. ते बदल मोजायचे आणि लिहून ठेवायचे. आजोबांची सुई गलबताला वाट दाखवीत होती. इथली सुई पृथ्वीची नाडी दाखवते.

ही वेधशाळा अलिबागला का आली, ती हकिगतही ऐकण्यासारखी आहे. मुंबईच्या कुलाब्याला ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली वेधशाळा बांधली. १८४१ पासून तिथे चुंबकीय मोजमापे घेतली जाऊ लागली. एल्फिन्स्टनमधले प्राध्यापक ऑर्लिबार हे त्या कामाचे प्रमुख होते, आणि त्यांच्या हाताखाली काम करणाऱ्यांत एक तरुण होता केरो लक्ष्मण छत्रे. हे केरूनाना आमच्या अलिबागजवळच्या नागावचे. पुढे ते मोठे गणिती म्हणून गाजले, टिळकांचे गुरू झाले. पण त्यांची उमेदवारी झाली ती कुलाब्याच्या या सुईपाशी.

विसावे शतक उजाडले तेव्हा मुंबईत विजेच्या ट्राम येणार हे ठरले. विजेचा प्रवाह जिथून जातो तिथे आजूबाजूला चुंबकत्व निर्माण होते. कुलाब्याची सुई ट्रामच्या प्रवाहाने बिघडली असती. त्या वेळी वेधशाळेचे संचालक होते डॉ. नानाभाई मूस. त्या पदावर बसलेले पहिले भारतीय. त्यांनी नवी जागा शोधली ती मुंबईपासून सुमारे तीस किलोमीटरवरच्या अलिबागला. इमारत अशा दगडाची बांधली, की ज्यात चुंबकीय अंश नाही. लोखंड कटाक्षाने टाळले. १९०४ साली ती तयार झाली. गंमत अशी, की अलिबागसमोर समुद्रात जो किल्ला आहे त्याचेही नाव कुलाबा, आणि रायगड हे नाव १९८१ साली मिळेपर्यंत आमचा जिल्हाही कुलाबा जिल्हाच होता. म्हणजे सुई एका कुलाब्यातून निघाली आणि दुसऱ्या कुलाब्यात येऊन बसली.

या स्थलांतरातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. अलिबागची उपकरणे सुरू झाली म्हणून मूस यांनी कुलाब्याची लगेच बंद केली नाहीत. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्हीकडे नोंदी चालू ठेवल्या. नव्या जागेचा आकडा आणि जुन्या जागेचा आकडा यांत किती फरक पडतो, तो कायम किती राहतो, हे तपासून घेतले. मगच जुनी सुई थांबवली. १९०७ साली मुंबईत विजेची ट्राम धावू लागली तेव्हा वह्यांची साखळी कुठेही तुटलेली नव्हती. १९१० साली त्यांनी १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या कुलाब्याच्या नोंदी ग्रंथरूपाने प्रसिद्धही केल्या.

आता या वह्यांचा उपयोग काय झाला, ते सांगतो. त्यासाठी पुन्हा मागे, १८५९ मध्ये जावे लागेल. त्या वर्षी १ सप्टेंबरला इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन नावाचा खगोलनिरीक्षक सूर्यावरच्या डागांचे चित्र काढत होता. एकाएकी डागांच्या पुंजक्यात त्याला लखलखीत पांढरा प्रकाश दिसला. काही मिनिटांत तो विझला. साधारण साडेसतरा तासांनी पृथ्वीवर चुंबकीय वादळ आले. एरवी ध्रुवाजवळ दिसणारा ध्रुवीय प्रकाश क्यूबापर्यंत दिसला. अमेरिकेत आणि युरोपात तारायंत्रे बिघडली, तारमास्तरांना विजेचे झटके बसले. काही ठिकाणी तर बॅटरी काढून ठेवली तरी तारा जात राहिल्या.

त्या दिवशी मुंबईच्या कुलाब्याला कोणीतरी सुईपाशी बसलेले होते. तेव्हा आपोआप रेघ ओढणारी यंत्रे तिथे नव्हती. माणसाने डोळ्यांनी पाहायचे आणि वहीत लिहायचे. एरवी तासातासाला, आणि गडबड दिसली तर पाच-पाच, पंधरा-पंधरा मिनिटांनी. शांत दिवशी मुंबईकडे हा आकडा दिवसभरात शंभर नॅनोटेस्लांच्या आतच वरखाली होतो. त्या दिवशी तो सुमारे सोळाशेने घसरला आणि मग हळूहळू सावरला. वही लिहिणाऱ्याला सूर्यावर काय घडले ते ठाऊक नव्हते. त्याने आपले काम केले. वेळ लिहिली, आकडा लिहिला.

दुसरीकडे कित्येक ठिकाणी उपकरणांच्या पट्टीबाहेर नोंद गेली होती. त्यामुळे १८५९ चे वादळ नेमके किती मोठे होते, हे कळायला कुलाब्याची वही फार उपयोगी पडली. २००३ साली अमेरिकेतले ब्रूस त्सुरुतानी, भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे गुरबक्ष लखिना आणि त्यांचे सहकारी यांनी त्या नोंदींचा अभ्यास करून शोधनिबंध प्रसिद्ध केला. या संस्थेचे मुख्यालय आज आमच्याच जिल्ह्यात, नवीन पनवेलला आहे. लिहिणाऱ्याच्या मृत्यूनंतर कितीतरी वर्षांनी त्याची वही जगाच्या कामाला आली.

तुम्ही म्हणाल, दीडशे वर्षांपूर्वीच्या वादळाची आज काळजी कशाला? कारण आज आपण विजेवर आणि उपग्रहांवर जगतो. मार्च १९८९ मध्ये अशाच एका वादळाने कॅनडातल्या क्विबेक प्रांतात सुमारे नऊ तास वीज घालवली. साठ लाख माणसे अंधारात होती. मे २०२४ मध्ये वीस वर्षांतले मोठे वादळ आले. लडाखमधल्या हानले इथे आकाश लाल झाले, त्याची छायाचित्रे आपण वर्तमानपत्रांत पाहिली. त्याच वेळी अमेरिकेत ऐन पेरणीत शेतकऱ्यांचे उपग्रहांच्या इशाऱ्यावर चालणारे ट्रॅक्टर अडले. आमच्या किनाऱ्यावर आता होका कोणी वापरत नाही. मासेमारीच्या ट्रॉलरवर जीपीएस असते. आणि १८५९ च्या तोडीचे वादळ उपग्रहांच्या काळात पृथ्वीवर एकदाही आलेले नाही. जुलै २०१२ मध्ये तसा एक लोट सूर्यावरून सुटला होता; सुदैवाने त्याच्या वाटेत पृथ्वी नव्हती.

म्हणून आता सूर्यावर पहारा बसला आहे. आपले आदित्य-एल१ हे यान २ सप्टेंबर २०२३ रोजी निघाले आणि ६ जानेवारी २०२४ ला पृथ्वीपासून सुमारे पंधरा लाख किलोमीटरवर, आपल्या जागी पोचले. त्यावरची अतिनील दुर्बीण पुण्याच्या आयुका या संस्थेने तयार केली आहे. पण पहारेकऱ्याने नुसते पाहून भागत नाही. जे दिसले त्याचा अर्थ चटकन लावावा लागतो. तिथे कृत्रिम बुद्धिमत्ता येते.

यंत्र शिकते कसे, हे मला एका जाणकाराने जसे समजावले तसे सांगतो. यंत्राला जुनी नोंद दाखवायची आणि पुढची झाकून ठेवायची. पुढे काय झाले असेल, ते त्याला ओळखायला सांगायचे. मग झाकलेली नोंद उघडून त्याची चूक दाखवायची. असे लाखो वेळा करायचे. हळूहळू त्याचे अंदाज बरे होतात. यात जादू नाही. नवखा खलाशी तांडेलाच्या शेजारी बसून वारा ओळखायला शिकतो, त्याचीच ही जात. फक्त खलाशाला जे वीस पावसाळ्यांत कळते, त्याच्या कितीतरी पट नोंदी यंत्र थोड्या दिवसांत पचवते.

२०२३ साली 'डॅगर' नावाच्या अशा एका प्रणालीची माहिती नासाने प्रसिद्ध केली. तिच्या शोधनिबंधाचे मुख्य लेखक विशाल उपेंद्रन हे आयुकाचे. अंतराळात उपग्रहांनी मोजलेला सौर वारा आणि जमिनीवरच्या चुंबकीय केंद्रांच्या नोंदी यांची सांगड घालून ती प्रणाली शिकवली गेली. सौर वाऱ्याची मोजमापे हाती आली, की पृथ्वीवर कुठे किती गडबड होईल, हे ती सुमारे अर्धा तास आधी सांगू शकते. वीज मंडळाला, उपग्रहवाल्यांना अर्धा तासही पुष्कळ असतो. मग ऑगस्ट २०२५ मध्ये आयबीएम आणि नासा यांनी आणखी एक प्रारूप सर्वांसाठी खुले केले. त्याचे नाव चक्क 'सूर्य'. एका उपग्रहाने नऊ वर्षांत काढलेल्या सूर्याच्या चित्रांवर ते शिकले. सूर्यावरच्या ज्वाळा दोन तास आधी ओळखण्याचा प्रयत्न ते करते आणि आधीच्या पद्धतींपेक्षा ओळखण्याचे काम सुमारे सोळा टक्के सुधारले, असे ते करणारे सांगतात.

हे सारे कौतुकाचे आहे. पण माझ्या मनात एक शंका आली. ज्याने नऊ वर्षांचा सूर्य पाहिला, त्याने १८५९ चा सूर्य पाहिलेला नाही. ज्या खलाशाने कधी मोठे तुफान पाहिले नाही, त्याचा अंदाज रोजच्या वाऱ्यापुरता बरोबर येतो. मोठे काय असते, हे त्याला कोणा म्हाताऱ्यानेच सांगावे लागते. इथे म्हातारा म्हणजे कुलाब्याची वही. जुने कागद आता संगणकावर चढवले जात आहेत ते याचसाठी. यंत्र कितीही हुशार असले तरी जे कोणी कधी मोजले नाही, लिहिले नाही, ते त्याला कळत नाही.

ही गोष्ट मला पुस्तकातून कळली, पण पटली ती घरात. माझी एक खाला आहे, वय ऐंशीच्या पुढे. ती किनाऱ्यावरच्या आमच्या कोकणी मुसलमानांची बोली बोलते. मागच्या वर्षी भाच्याने आखातातून नवा फोन पाठवला. त्याच्याशी मराठीत बोलले, की तो लिहून देतो, अर्थही सांगतो. मी बोललो, त्याने जवळजवळ बिनचूक लिहिले. मी खूश झालो आणि फोन खालासमोर धरला. ती तिच्या वडिलांच्या, म्हणजे माझ्या आजोबांच्या, एका सफरीबद्दल सांगू लागली. तिचे बोलणे मी इथे प्रमाण मराठीत सांगतो. ती म्हणाली, "त्या दिवशी भांग होता, म्हणून गलबत खाडीबाहेर निघालं नाही."

भांग म्हणजे काय, हे किनाऱ्यावरच्या लोकांना सांगायला नको. चंद्राच्या आठव्या-नवव्या तारखेच्या सुमारास भरती जेमतेम चढते. उधाणाच्या उलट. खाडीत पाणी पुरेसे भरत नाही आणि भरलेले गलबत उथळातून बाहेर पडत नाही. फोनने मात्र वाक्य सुधारून लिहिले, "त्या दिवशी भांग होती." मी अर्थ विचारला तर त्याने मोठ्या नम्रतेने सांगितले, की गलबतावरच्या लोकांनी नशा केल्यामुळे प्रवास रद्द झाला. खालाला वाचून दाखवले. ती आधी हसली आणि मग कानाला हात लावून म्हणाली, "तोबा, तोबा! माझ्या बापाला मेल्यावर भंगड केलं तुझ्या यंत्रानं."

आमचा भांग पुल्लिंगी, पिण्याची भांग स्त्रीलिंगी. शाळेच्या भूगोलात 'भांगाची भरती' असते, ती यंत्राने वाचलीही असेल. पण बाई बोलता बोलता नुसते 'भांग होता' म्हणते, हे त्याने कुठे वाचावे? तसे कोणी लिहिलेलेच नाही, किंवा लिहिले असले तरी इतके थोडे, की त्याच्यापर्यंत पोचले नाही. दोष यंत्राचा नाही. भाषेचे यंत्रही तसेच शिकते. एक शब्द दाखवायचा, पुढचा झाकायचा, ओळखायला सांगायचे. ज्या बोलीच्या वह्या नाहीत, तिच्यात झाकायला आणि उघडायला काहीच नसते.

मग दोष कोणाचा? श्रोतेहो, मी माझ्याकडे पाहिले. मी तीस-पस्तीस वर्षे मराठीत कविता लिहितो आहे. खालाच्या, आईच्या तोंडचे शब्द मला येतात. पण मासिकात कविता छापून यावी म्हणून मी ते शब्द एकेक करून काढून टाकले. कोणी मला तसे सांगितले नव्हते. वाचकाला कळणार नाही, आपल्यालाच अडाणी समजतील, अशी भीती होती. आई गेली, तिच्याबरोबर किती शब्द गेले याची मोजदाद नाही. कुलाब्याचा तो अनाम माणूस दर तासाला वहीत आकडा लिहीत होता, त्याचा उपयोग काय हे ठाऊक नसताना. मला उपयोग ठाऊक होता, हातात लेखणीही होती, आणि मी लिहिले नाही.

काही मित्र विचारतात, यंत्र कविता करू लागले, आता तुमचे काय? मला त्याची फारशी चिंता वाटत नाही. चिंता वाटते ती दुसरी. उद्या शाळेतली मुले, दवाखान्यातले डॉक्टर, कचेरीतले कारकून बोललेले लिहून घ्यायला आणि समजून घ्यायला यंत्रावरच विसंबतील. तेव्हा किनाऱ्यावरची एखादी म्हातारी आपले दुखणे आपल्या शब्दांत सांगेल आणि यंत्र त्याचे भलतेच काही करील. तिथे हसून चालणार नाही.

यावर उपाय काय? नवे यंत्र नको म्हणणे हा उपाय नव्हे. मूस यांनी ट्राम नको असा हट्ट धरला नाही. त्यांनी नवी जागा तयार केली, दोन वर्षे जुने आणि नवे शेजारी शेजारी चालवले, फरक लिहून ठेवला. आपणही तेच करावे असे मला वाटते. आज फोनही हाताशी आहे आणि खालाही आहे. दोन्ही एकाच वेळी चालू असण्याचे हे दिवस थोडे आहेत.

म्हणून मी एक साधी वही घातली आहे. संध्याकाळी मगरीबच्या नमाजानंतर खालापाशी बसतो. ती बोलते, मी फोनवर तिचा आवाज धरून ठेवतो आणि वहीत शब्द, त्याचा अर्थ, तो ज्या वाक्यात आला ते अख्खे वाक्य लिहितो. यंत्राने काय चुकीचे लिहिले, तेही शेजारी लिहितो. पहिल्या पानावर अर्थातच 'भांग' आहे. खालाला या कामाचे फार कौतुक नाही. "एवढं लिहून कोण वाचणार?" असे ती विचारते. पण एखाद्या दिवशी मला उशीर झाला, तर तीच निरोप पाठवते, की आज दोन शब्द आठवलेत, विसरायच्या आत ये.

तुमच्याही घरात असे कोणी असेल. आगरी, कोळी, भंडारी, कातकरी, कोणाच्याही घरात. वही घाला. शब्द कोणी सांगितला, कुठल्या गावचा, ते लिहा. आणि तारीख घालायला विसरू नका. कुलाब्याच्या त्या वहीत तारीख आणि वेळ नसती, तर सोळाशेच्या त्या घसरणीचा कोणालाही काही उपयोग झाला नसता.